चोखणी, अंगठा आणि रात्रीची बाटली: लहान मुलाची सवय सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सवय मोडायलाच हवी का? आपोआप नाही का सुटणार?

बऱ्याच मुलांची सुटते. चोखणं ही जन्माआधीपासूनची क्रिया आहे. पोटातलं बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाच्या चोखण्याला ‘वाईट सवय’ म्हणण्यात काही अर्थ नाही. पहिल्या वर्षात झोपताना चोखणी दिली, तर झोपेतल्या अचानक बालमृत्यूचा धोका कमी होतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे.

प्रश्न येतो तो पुढे. दोन-अडीच वर्षांचं मूल दमल्यावर, घाबरल्यावर, कंटाळल्यावर स्वतःला शांत करायला एकच उपाय वापरत असतं. तो उपाय काढून घेतला आणि जागी दुसरं काहीच दिलं नाही, तर ते रडणारच. त्याला हट्टीपणा म्हणू नका. म्हणून ‘कसं काढायचं’ याआधी ‘त्याच्या जागी काय’ हे ठरवावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येऊन ठेपतात.

कोणत्या वयापर्यंत थांबायला हरकत नाही?

सवयीनुसार वय बदलतं.

बाटली सगळ्यात आधी जायला हवी. सहाव्या महिन्यापासून पेल्याची ओळख करून द्यावी आणि 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण थांबवावी. चोखणी दीड-दोन वर्षांपासून फक्त झोपेपुरती ठेवावी आणि तिसऱ्या वाढदिवसाच्या आत बंद करावी. अंगठ्याला सगळ्यात जास्त सवलत द्यावी लागते, कारण तो काढून कपाटात ठेवता येत नाही. बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान तो स्वतःच सोडतात. चार वर्षांनंतरही दिवसाढवळ्या चोखणं चालू असेल, तर लक्ष घालायचं.

दुपटं, मऊ खेळणं, उशीचा कोपरा यांना मुदत नाही. त्याबद्दल पुढे.

दातांवर नेमका काय परिणाम होतो?

मूल दात मिटतं, तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये फट राहते आणि त्या फटीतून जीभ दिसते. वरचे दात पुढे झुकतात, खालचे आत ढकलले जातात. चोखताना गाल आत ओढले जाऊन वरचा जबडा अरुंद झाला, तर मागच्या बाजूचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसायला लागतात.

दिवसातून किती तास आणि किती जोर लावून चोखलं जातं, यावर नुकसान ठरतं. अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणारं मूल आणि ‘चक चक’ आवाज येईल इतकं जोरात ओढणारं मूल, यांत मोठा फरक आहे. झोपल्यावर शेजारी बसून पाच मिनिटं ऐका, म्हणजे आपलं मूल कुठल्या प्रकारातलं आहे ते कळेल. पुढचे कायमचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली, तर पुढची फट बऱ्याचदा आपोआप भरून येते. अरुंद झालेला जबडा मात्र तितक्या सहज सुधारत नाही.

सुरुवात कधी करू नये?

मूल आजारी असताना, दात येत असताना, घर बदलताना, प्रवासात, घरात नवं बाळ येण्याच्या सुमारास, पाळणाघर किंवा शाळा नुकती सुरू झाली असताना, शी-शूचं शिक्षण चालू असताना नको. पुढचे चार-सहा आठवडे घरात मोठा बदल नाही असा काळ निवडा. पहिल्या तीन-चार रात्री जाग्रण होणार हे धरून चाला. दुसऱ्या दिवशी घरातल्या मोठ्यांनाही सकाळी लवकर बाहेर पडायचं असेल, तर सुरुवात सुट्टीच्या आदल्या रात्री करा. थकलेला माणूस रात्री दोन वाजता हार मानतो आणि तिथेच सगळं फिसकटतं.

आधी काय तयारी करायची?

तीन-चार दिवस नुसती नोंद ठेवा: केव्हा मागतो, कुठे असताना, त्याआधी काय झालं होतं. बहुतेक घरांत मागणीच्या तीन-चार वेळा ठरलेल्या निघतात: झोपताना, झोपेतून उठल्यावर, गाडीत, टीव्हीसमोर. यातली टीव्हीसमोरची मागणी निव्वळ कंटाळ्याची असते आणि ती सगळ्यात लवकर सुटते. झोपेची सगळ्यात उशिरा.

मग झोपेचा क्रम पक्का करा. अंग पुसणं किंवा अंघोळ, दात घासणं, दोन गोष्टी, दिवा बंद, एक ठरलेलं गाणं, पाठीवर थोपटणं. सगळं मिळून 20 ते 30 मिनिटं, रोज त्याच क्रमाने. हे सवय काढण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करायचं. याच काळात एखादं मऊ खेळणं किंवा दुपटं चोखणीच्या जोडीला द्यायचं. म्हणजे चोखणी जाते त्या रात्री हाताशी ओळखीचं काहीतरी असतं. त्याच रात्री आणलेलं नवंकोरं खेळणं काही कामाचं नाही. मूल ते फेकून देतं.

चोखणी हळूहळू सोडवावी की एका रात्रीत?

दोन्ही चालतं. आमचं मत विचाराल तर दिवसाची हळूहळू, रात्रीची एकदम.

दिवसासाठी एक जागा ठरवा: ‘चोखणी पलंगावर राहते’. हवी असेल तर मुलाने पलंगावर जाऊन बसायचं, खाली उतरताना ती तिथल्या डबीत ठेवायची. नाही म्हणायचं नाही, पण तोंडात घेऊन घरभर फिरूही द्यायचं नाही. एक-दोन दिवस मूल पलंगावर तळ ठोकतं. मग बाहेर खेळ चालू आहे हे त्याच्या लक्षात येतं. आठवडा-दहा दिवसांत दिवसाची मागणी बरीच कमी होते. याच वेळी घरातल्या जास्तीच्या चोखण्या गोळा करा: पिशवीतली, गाडीतली, गादीखालची. एक राहून गेली, तर ती नेमकी चुकीच्या रात्री मुलालाच सापडते.

रात्रीसाठी ‘आज देऊ, उद्या नको’ हा प्रकार सगळ्यात वाईट. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की पुरेसं रडलं की मिळते. म्हणून दिवस ठरवायचा, अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगायचं, आणि त्या दिवशी शेवटची चोखणी त्याच्याच हाताने कचऱ्यात किंवा खोक्यात टाकायला लावायची. त्याहून लहान मुलाला आधी सांगून उपयोग नाही. ‘परवा’ म्हणजे काय हे त्याला समजत नाही. त्याच संध्याकाळी सांगा.

चोखणीचं टोक कापून ठेवलं तर मूल स्वतःच सोडतं, असं ऐकलंय.

सोडतं कधीकधी, कारण ओढल्यावर दाब तयार होत नाही आणि मजा जाते. पण कापलेल्या कडेपासून रबर किंवा सिलिकॉन फाटत जातं. दात आलेलं मूल त्याचा तुकडा सहज तोडू शकतं आणि तो घशात अडकू शकतो. हे करू नका. उलट, जुनी चोखणी ताणून बघा. चीर, चिकटपणा किंवा रंगबदल दिसला, तर ती लगेच फेकून द्या.

रात्री उठून रडायला लागला तर नेमकं काय करायचं?

लहान मुलाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. झोप लागताना जे तोंडात होतं, ते जाग आल्यावर शोधतं. म्हणून रात्रीत चार-पाच वेळा उठलं तर नवल नाही.

आधी दहा-वीस सेकंद थांबा. काही मुलं कुरकुरून परत झोपतात. रडणं वाढलं तर जा, दिवा लावू नका, उचलण्याआधी हात पाठीवर ठेवा. एकच वाक्य, दर वेळी तेच: ‘चोखणी नाही, मी आहे.’ समजावणं, कारणं देणं, ‘तू आता मोठा झालास ना’ हे सगळं दिवसासाठी. अर्धवट झोपेतल्या मुलाशी वाद घातला की ते पूर्ण जागं होतं. दुपटं हातात द्या, छातीच्या ठोक्याइतक्या संथ लयीत थोपटा, लय हळूहळू कमी करा. रडणं थांबलं नाही तर कुशीत घ्या. जवळ घेतल्याने काही बिघडत नाही.

पाणी मागितलं तर पेल्यातून दोन घोट पुरे. मोबाइल, गाणी लावणं, बाहेर फेऱ्या मारणं टाळा. चोखणी सुटेल, पण तिच्या जागी फेऱ्या येऊन बसतील.

पहिली रात्र बरी गेली, तिसऱ्या रात्री आकांत. काय चुकलं?

काहीच नाही. जे आजवर मिळत होतं ते मिळेनासं झालं, की मूल आधी जोर वाढवून पाहतं. हा चढ दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येणं अगदी नेहमीचं आहे आणि तो टिकला की उतार लागतो. साधारण चार ते सात रात्रींत बहुतेक मुलं रुळतात. याच रात्री चोखणी परत दिली, तर पुढच्या खेपेला मूल या टोकापासूनच सुरुवात करतं.

दुपारी झोपतच नाही आता.

पंधरवडाभर असं होऊ शकतं. दुपारी झोपेचा जोर रात्रीइतका नसतो. ठरलेल्या वेळी अंधाऱ्या खोलीत 30-40 मिनिटं शांत पडून राहणं चालू ठेवा, झोप लागो न लागो. झोप लागली नाही, तर त्या दिवशी रात्रीची झोप अर्धा-पाऊण तास अलीकडे आणा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते, हा हिशेब डोक्यात ठेवा.

चोखणी सुटली आणि अंगठा तोंडात गेला!

काही मुलांचं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत याच्याकडे बोट दाखवू नका. टोकलं की ते पक्कं होतं. झोपताना दोन्ही हातांना काम द्या: दुपट्याची कडा चाळायला, खेळण्याचा कान धरायला. बऱ्याच मुलांत हे तात्पुरतं असतं. नाही गेलं तर पुढचं उत्तर वाचा.

अंगठा कसा सोडवायचा?

इथे मुलाचं सहकार्य लागतं, आणि ते साधारण चार वर्षांच्या आधी फारसं मिळत नाही. तोवर दोनच गोष्टी कराव्यात: लक्ष दुसरीकडे वळवणं आणि पुरेशी झोप. दमलेलं मूल जास्त चोखतं.

‘अंगठा काढ’ हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणणं हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात निरुपयोगी तंत्र आहे. त्याऐवजी हाताला काम सांगा: ‘हे धर जरा’, ‘डब्याचं झाकण लाव’. टीव्हीसमोर बसताना हातात मऊ चेंडू द्या.

चार वर्षांपुढच्या मुलाशी शांत वेळी बोला. आरशासमोर बसवा, अंगठा पाहू द्या. खूप चोखणाऱ्या मुलांच्या अंगठ्याच्या सांध्यावर जाड, पांढरट घट्टा पडलेला असतो आणि नखाजवळची कातडी ओलसर, सुरकुतलेली दिसते. कधी नखाच्या कडेला लालसर सूजही असते. मुलाला हे स्वतः दिसलं, की ‘का सोडायचं’ याचं उत्तर त्याला मिळतं. मग एक पर्यायी हालचाल शिकवा: अंगठा तोंडाकडे जायला लागला की तो मुठीत आत दाबून मनात दहापर्यंत मोजायचं. दिवसातून दोनदा याचा सराव खेळासारखा घ्या, अंगठा तोंडात नसतानाही.

रात्री अंगठ्यावर कापडी पट्टी किंवा हातात पातळ सुती मोजा चालतो, पण आठवण म्हणून. मुलाने स्वतः घालायला मागितला पाहिजे. रडणाऱ्या मुलाचे हात बांधून टाकल्यासारखा तो वापरला, तर चोखण्याची भूक आणखी वाढते. चिकटपट्टी बोटाभोवती गच्च गुंडाळू नका, रक्तपुरवठा अडतो. सैल, सुटू शकेल अशी लावा. सुटी पट्टी गिळण्याची भीती असल्याने लहान मुलाला ती लावूच नका.

अंगठ्याला तिखट किंवा कडू काही लावावं का?

तिखट कधीच नाही. तोच हात झोपेत डोळ्याला लागतो. लहानग्यांना कडू लेपही नको. चव ही शिक्षा वाटते, आणि शिक्षेने अस्वस्थ झालेलं मूल शांत व्हायला पुन्हा अंगठ्याकडेच वळतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाने ‘मला आठवण राहत नाही’ म्हणून स्वतः मागितलं, तर यासाठीच बनवलेला लेप डॉक्टरांना विचारून वापरता येईल. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देणं मात्र कुठल्याच वयात नको. एक वर्षाच्या आत मधाने गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि नंतर दातांची वाट लागते.

रात्रीच्या बाटलीची एवढी घाई का?

झोपेत लाळ कमी होते आणि गिळणंही. शेवटचा घोट पुढच्या वरच्या दातांमागे तसाच साचतो आणि दुधातल्या साखरेवर जंतू रात्रभर काम करतात. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असल्याने ते बऱ्याचदा वाचतात. म्हणूनच ही कीड वरच्या चार दातांपासून सुरू होते. दर आठवड्याला उजेडात ओठ वर उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली, तर ती पहिली खूण. ती तपकिरी होईपर्यंत थांबू नका, दंतवैद्याला दाखवा.

दुसरं कारण पोटाचं. वर्षापुढच्या मुलाला दिवसभरात साधारण 500 मिली दूध पुरतं. त्याहून बरंच जास्त गेलं की जेवण मागे पडतं आणि गाईच्या दुधात लोह फारच कमी असल्याने रक्त कमी होतं. ‘जेवतच नाही, म्हणून दूध देतो’ असं सांगणाऱ्या घरांत बहुतेक वेळा हिशेब उलटा असतो.

मग ती कशी बंद करायची?

पातळ करत जाणं सगळ्यात सोपं. समजा रात्रीची बाटली 180 मिलीची आहे. पहिल्या दोन रात्री 150 दूध आणि 30 पाणी, पुढच्या दोन रात्री 120 आणि 60, मग 90-90, मग 60 आणि 120, मग 30 आणि 150, शेवटी नुसतं पाणी. एकूण बारा रात्री. मधेच नकार आला तर त्या पायरीवर आणखी दोन रात्री थांबा, मागे जाऊ नका. नुसत्या पाण्यावर आल्यावर बाटलीतला रस जातो. त्याच आठवड्यात बाटली बंद करून पाणी पेल्यातून द्या. या शेवटच्या पायरीवर अनेक जण विसावतात आणि बाटली आणखी वर्षभर राहते.

हे फक्त वर्षापुढच्या मुलांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पावडरच्या दुधात ठरल्यापेक्षा जास्त पाणी घालणं धोक्याचं आहे.

रात्री कमी झालेलं दूध संध्याकाळच्या जेवणाबरोबर पेल्यातून द्या आणि दात त्यानंतर घासा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. घासल्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी.

दुपटं किंवा मऊ खेळणं सोडवायचं का?

नाही. मुलाच्या अशा लाडक्या वस्तूबद्दल ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1950 च्या दशकात सविस्तर लिहिलं. आईपासून सुटं होण्याच्या वाटेवरचा तो आधार आहे. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना मऊ वस्तू ठेवू नये. त्यानंतर हरकत नाही. दुपटं मोठं असेल तर त्याचे दोन तुकडे करून कडा शिवून घ्या, आलटून पालटून धुवा. एक हरवलं तरी रात्र निभते. एकच तुकडा महिनोन्‌महिने न धुता वापरला, तर मुलाला तो वासच हवा असतो आणि धुतल्यावर रडारड होते. बाहेर नेण्यावर मर्यादा घालायची असेल, तर ‘ते गाडीत थांबतं’ हा नियम पुरतो.

‘परी घेऊन गेली’ अशी गोष्ट सांगावी का?

तीन वर्षांच्या पुढे चालेल, पण मुलाने स्वतः निरोप दिला असेल तरच. झोपेतून उठल्यावर वस्तू गायब आणि कुणीतरी अदृश्य येऊन ती नेली, हे काही मुलांना भीतीदायक वाटतं आणि झोपच लागेनाशी होते. ‘कुत्र्याने पळवली’ तर नकोच.

बक्षिसाचा तक्ता साधारण तीन वर्षांनंतर काम करतो. लहान घास ठेवा: सकाळी उठल्या उठल्या एक चिकटचित्र, तीन चित्रांना मुलाने निवडलेला एक खेळ. महिनाभराने सायकल मिळेल हे चार वर्षांच्या मुलासाठी फार लांब आहे. चुकलेल्या रात्रीची फुली मारू नका, रकाना नुसता रिकामा ठेवा.

आजी-आजोबा लपून देतात. पाळणाघरातही देतात.

रडणारं नातवंड बघवत नाही, हे समजण्यासारखं आहे. वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्या: ‘दुपारचं थोपटणं तुमच्याकडे.’ काय करू नका हे सांगण्यापेक्षा रडल्यावर काय करायचं हे सांगितलेलं पाळलं जातं. पाळणाघराला सुरुवातीची तारीख आणि ते ठरलेलं वाक्य लिहून द्या. दोन्हीकडे एकाच दिवशी सुरुवात झाली नाही, तर काम दुप्पट लांबतं.

दोन महिने बरं चाललं होतं, आता परत मागतोय.

आजार, प्रवास, नवं बाळ यानंतर हे होतंच. चोखणी किंवा बाटली घरात नसेल तर परत आणू नका. तीन-चार दिवस जास्त जवळ घ्या आणि झोपेचा जुना क्रम जसाच्या तसा चालवा. अंगठा असेल तर आठवडाभर दुर्लक्ष करा, मग मूठ दाबण्याचा सराव पुन्हा सुरू करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

कान वारंवार दुखत असेल तर. सहा महिन्यांनंतर चोखणीच्या सततच्या वापराचा कानाच्या संसर्गाशी संबंध दिसतो. मूल तोंड उघडं ठेवून झोपत आणि घोरत असेल तर. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर चोखणीला दोष देऊन थांबू नका, आधी ऐकू येतं का ते तपासून घ्या. नखाजवळ पू, सूज असेल तर. अंगठा चोखताना दुसऱ्या हाताने केस उपटत असेल आणि टक्कल दिसायला लागलं असेल तर. माती, कागद, रंगाचे पोपडे खात असेल तर तो प्रकार वेगळा. रक्तातलं लोह आणि शिसं तपासावं लागतं.

दंतवैद्याकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. अंगठा चोखता येऊ नये म्हणून टाळूला बसवायची तार हा उपाय साधारण सहा-सात वर्षांनंतरचा, बाकी सगळं करून झाल्यावरचा आणि मुलाची स्वतःची तयारी असेल तरच.